उजेडाची छिन्नी

शिल्प म्हटले की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांपुढे दोनच गोष्टी उभ्या राहतात: देवळातली मूर्ती आणि चौकातला पुतळा. मूर्तीपुढे आपण हात जोडतो, पुतळ्याला वर्षातून एकदा हार घालतो. आणि या दोन्ही प्रसंगी ती घडविणाऱ्या माणसाची आठवण आपल्याला सहसा होत नाही. अशा वाचकाला कुणी सांगितले की, आजचे काही शिल्पकार दगड-धातू बाजूला ठेवून उजेडालाच हात घालतात, कुणी भिंतीवर नळीचे दिवे टांगतो, कुणी अंधाऱ्या खोलीत पाहणाऱ्याला नुसता बसवून ठेवतो, कुणी सावलीलाच शिल्प म्हणतो, तर तो काय म्हणेल हे सांगायला नको. "यात घडवले काय?" असे तो विचारील.

हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. उलट, या कलेविषयी लिहिणारे पुष्कळ लोक तो टाळून एकदम मोठमोठ्या शब्दांकडे वळतात आणि त्यामुळे सामान्य रसिक दारातूनच परत फिरतो, असे मला वाटते. तेव्हा आधी या प्रश्नाचे उत्तर शोधू आणि मग या कलावंतांपैकी कोण खरा आणि कोण नुसता दिपवणारा, हे पाहू.

आपण वस्तूचा आकार डोळ्यांनी पाहतो असे म्हणतो, परंतु डोळ्यांना आकार दिसत नाही. त्यांना उजेड आणि सावली दिसते. त्यावरून आकाराचा अंदाज मन बांधते. हा अंदाज बांधताना मन एक गोष्ट न विचारताच धरून चालते, की उजेड वरून येतो. सूर्य डोक्यावर असतो, ही फार जुनी सवय आहे. होळीला साखरेच्या गाठ्या करण्याचा लाकडी साचा असतो, तो घ्या. त्यातली नक्षी आत खोल कोरलेली असते. साचा उभा धरून दिवा खालच्या बाजूस ठेवा आणि एक डोळा मिटून थोडे दुरून पाहा. तीच खोल नक्षी क्षणभर वर उठून आलेली वाटू लागेल. लाकडाला कुणी हात लावला नाही, तरी खड्ड्याचा उंचवटा झाला. याचा अर्थ असा की, शिल्पकाराच्या हातात लोखंडाची छिन्नी असते तशीच उजेडाचीही असते. पहिली दगडावर चालते, दुसरी पाहणाऱ्याच्या डोळ्यावर.

ही दुसरी छिन्नी आपल्याकडच्या जुन्या कारागिरांना चांगली ठाऊक होती. कार्ल्याचे चैत्यगृह सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्याच्या दर्शनी भिंतीत घोड्याच्या नालासारखी मोठी कमान आहे, आणि तिच्यातून येणारा उजेड खांबांच्या रांगा ओलांडून आतल्या स्तूपावर उतरतो. खांबांमागच्या वाटा काळोखात राहतात. तो दगडी घुमट उघड्या माळावर आणून ठेवला तर मोठा दगड एवढेच त्याविषयी म्हणता येईल. त्या कमानीपुढे तो स्तूप होतो. घारापुरीची लेणी तीन बाजूंनी उघडी आहेत. त्यामुळे सदाशिवाच्या त्या प्रचंड त्रिमुखी शिल्पावर ऊन थेट पडत नाही. खांबांमधून गाळलेला उजेड तिन्ही बाजूंनी येतो आणि दिवस सरकेल तसा तोही सरकतो. सकाळी पाहिलेला चेहरा संध्याकाळी तोच राहत नाही.

आणि अजिंठा तर आम्हा वऱ्हाडकरांना परका नाही. पाचव्या शतकाच्या उत्तरार्धात जेव्हा तिथली उत्तम लेणी कोरली गेली, तेव्हा वाकाटकांच्या ज्या शाखेचा राजा हरिषेण राज्य करीत होता, तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशीम. पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात गाभाऱ्यातल्या बुद्धमूर्तीवर एका बाजूने दिवा धरला तर मुखावर स्मित दिसते, दुसऱ्या बाजूने धरला तर मुद्रा गंभीर होते, आणि समोरून धरला तर ध्यानस्थ. वाटाड्यांनी हे दाखविण्याची रीत जुनी आहे, आणि पाहणारे त्याला चमत्कार म्हणून टाळ्या देतात. मला त्यात चमत्कारापेक्षा मोठे काही दिसते. शिल्पकाराने एकाच मुखात तीन भाव ठेवले. पण तिन्ही एकदम दाखविले नाहीत. कोणता केव्हा दिसावा हे त्याने उजेडावर आणि पाहणाऱ्याच्या धीरावर सोपवले. आपल्या कामाचा शेवटचा हात दुसऱ्याला देणारा असा कारागीर किती थोर मनाचा असला पाहिजे!

तेव्हा "यात घडवले काय?" या प्रश्नाचे उत्तर असे की, पाहणे घडवले. ही गोष्ट नवी नाही. नवे आहे ते एवढेच, की दगड मागे सरला आणि उजेड पुढे आला.

तो पुढे येण्याचे कारणही उघड आहे. जुन्या शिल्पकाराला उजेड मागावा लागे. आजच्याला तो बटणावर मिळतो. आमच्या नांदगाव पेठेजवळच्या औष्णिक केंद्रात २७० मेगावॉटचे पाच संच आहेत, म्हणजे १३५० मेगावॉट वीज. जिथे एके काळी कंदिलाची काच राखेने पुसणे हे संध्याकाळचे पहिले काम असे, तिथे आता रात्रीला काळोख शोधावा लागतो. उजेड दुर्मीळ होता तेव्हा तो दिसत असे. मुबलक झाला आणि दिसेनासा झाला. दिव्याकडे आपण पाहत नाही, दिव्याने पाहतो. अमेरिकेतल्या डॅन फ्लॅव्हिनने १९६३ साली बाजारात मिळणारी साधी नळी, कचेरीत असते तशी, भिंतीवर तिरपी लावली आणि तिलाच कलाकृती म्हटले. त्याचे सारे म्हणणे एवढेच होते, की जरा दिव्याकडे पाहा. म्हणणे बरोबर होते. परंतु एकदा ऐकले की पुरे होण्यासारखे होते.

मग या कलेचे बरेवाईट ठरवायचे कशावरून? माझी कसोटी साधी आहे. उजेड पाहणाऱ्याच्या डोळ्याला काम देतो, की त्याचे काम हिरावून घेतो? जो डोळ्याला काम देतो तो शिल्पकार. जो डोळा दिपवून त्याला स्वस्थ बसवतो तो रोषणाईवाला. रोषणाई वाईट नव्हे, पण तिचे नाव वेगळे आहे.

या कसोटीला उत्तम उतरणारे उदाहरण जपानमधल्या नाओशिमा बेटावर आहे. तिथे जेम्स टरेल या अमेरिकन कलावंताची 'चंद्राची मागली बाजू' अशा अर्थाच्या नावाची एक रचना १९९९ पासून आहे. तादाओ आन्दो या वास्तुशिल्पकाराने बांधलेल्या लाकडी घरात आपण शिरतो. आत काळामिट्ट अंधार. भिंत चाचपत बाकावर जाऊन बसायचे. काही मिनिटे काहीच दिसत नाही. मग समोर एक फिकट चौकोन उगवल्यासारखा दिसू लागतो. कुणी दिवा लावलेला नसतो. तो उजेड पहिल्यापासूनच तिथे होता, आपला डोळा मात्र अजून तयार झाला नव्हता. शेतावर रात्री जागलीला गेलेल्या माणसाला यातले अर्धे आधीच ठाऊक असते. उजेडातून आलेला डोळा काळोखाला सरावण्यास वीस-पंचवीस मिनिटे घेतो. टरेलने त्या ठाऊक असण्याला चार भिंती दिल्या आणि आपल्याला आपलेच पाहणे पाहावयास लावले.

ओलाफर एलियासनचे उदाहरण याच्या उलट टोकाचे. २००३ साली लंडनच्या टेट मॉडर्नच्या प्रचंड दालनात त्याने एक सूर्य उभा केला. अर्धवर्तुळाकार पडदा, त्यामागे एकाच पिवळ्या रंगाचे दिवे, छताला आरसे, हवेत धुके. छतातल्या आरशामुळे अर्ध्याचे पूर्ण बिंब झाले. हमरस्त्यांवर पूर्वी सोडियमचे पिवळे दिवे असत, त्यांच्याखाली लाल साडी आणि हिरवी साडी सारखीच दिसे; तसे इथे सगळे रंग मावळून पिवळा आणि काळा एवढेच उरले. लोक जमिनीवर उताणे पडून छतातली आपली प्रतिमा न्याहाळीत. इतकी मोठी रोषणाई असूनही मी तिला शिल्प म्हणेन, कारण एलियासनने आपली युक्ती लपविली नाही. जवळ गेले की दिव्यांच्या तारा दिसत, आरशाचे सांधे दिसत. खोटा आहे हे माहीत असूनही त्या सूर्यासमोरून माणसाला उठवत नव्हते. आणि का उठवत नाही, हा प्रश्न बरोबर घेऊनच तो घरी जात असे.

आता आपल्या माणसाकडे येऊ. अनिश कपूर यांचा जन्म १९५४ साली मुंबईत झाला. वडील पंजाबी, आईचे घराणे बगदादच्या ज्यूंचे. १९७० नंतरच्या दशकात ते शिकण्यासाठी लंडनला गेले आणि तिथलेच झाले. १९९० साली व्हेनिसच्या महाप्रदर्शनात त्यांनी ब्रिटनचे प्रतिनिधित्व केले, १९९१ मध्ये त्यांना टर्नर पारितोषिक मिळाले. भारतात मात्र त्यांचे पहिले मोठे प्रदर्शन व्हायला २०१० साल उजाडावे लागले. ते दिल्लीच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात आणि मुंबईला वांद्र्याच्या मेहबूब स्टुडिओत भरले.

१९७९ मध्ये ते भारतात येऊन गेले आणि परतल्यावर त्यांच्या हातात रंगाची पूड आली. आपल्या यात्रांतून हळद-कुंकू-गुलालाच्या ज्या टोकदार राशी रचलेल्या असतात, तशी लाल, पिवळी, निळी रूपे त्यांनी जमिनीवर मांडली आणि त्या मालिकेला 'हजार नावे' असे नाव दिले. आपल्याला सहस्रनाम आठवावे असेच ते नाव आहे. कोरड्या पुडीचा गुण असा की तिच्यावर चकाकी येत नाही; उजेड तिच्यात मुरतो. त्यामुळे आकार घन आहे की नुसता रंगच उभा राहिला आहे, हे कळेनासे होते.

तिथून कपूर पोकळीकडे वळले, आणि माझ्या मते त्यांचे सर्वोत्तम काम तेच. व्हेनिसला त्यांनी ओबडधोबड वालुकाश्माचे मोठाले ठोकळे मांडले होते. प्रत्येकाच्या माथ्यावर एक लहानसे भोक, आत गडद पूड. वरून पाहिले तर तो काळा ठिपका आहे की अथांग विवर, हे डोळ्याला ठरविता येत नाही. दगडाचे वजन जणू त्या भोकातून निघून गेले आहे. १९९२ सालचे 'मी गर्भवती असताना' अशा अर्थाच्या नावाचे काम त्याहून साधे आहे. पांढऱ्या भिंतीला पोटासारखा फुगवटा. भिंत पांढरी, फुगवटाही पांढरा, कडा कुठेच नाही. समोर उभे राहा, सावली पडत नाही म्हणून काहीच दिसत नाही. बाजूला दोन पावले सरका, आणि भिंतीला दिवस गेलेले दिसतात. आईच्या पोटातले मूल समोरून दिसत नाही, पण असते. इतका मोठा आशय इतक्या कमी सामग्रीत, आणि तो पाहणाऱ्याच्या दोन पावलांवर सोपविलेला! अजिंठ्याच्या त्या मुखाशी याचे नाते मला जवळचे वाटते.

मग आरसे आले. शिकागोचे 'क्लाउड गेट' आज जगप्रसिद्ध आहे. पोलादाचे १६८ पत्रे जोडून, सांधे घासून दिसेनासे केलेले, दहा मीटर उंच आणि वीस मीटर लांब असे ते काम २००४ मध्ये लोकांपुढे आले आणि २००६ मध्ये पुरे झाले. त्याच्या वक्र अंगावर आकाश, इमारती आणि माणसे वाकून येतात. सुमारे शंभर टनांची वस्तू हलकी होऊन जाते. याला मी यशस्वी म्हणतो, कारण त्यात पाहणाऱ्याबरोबर सारे शहर दिसते. परंतु कपूर यांचे दालनांत टांगलेले अंतर्वक्र आरसे एकामागून एक पाहत गेले म्हणजे मन विटते. माणूस पुढे होतो, उलटा दिसतो, हसतो, स्वतःचा फोटो काढतो, निघतो. जत्रेतल्या आरसेमहालात तो हेच करीत असे. डोळ्याला इथे काम उरत नाही; हौसेला मात्र पुष्कळ मिळते.

आणि पुढची पायरी तर मला खेदाची वाटते. इंग्लंडमधल्या एका कंपनीने २०१४ मध्ये व्हँटाब्लॅक नावाचा लेप काढला. कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्यांचे ते रान असते. पडलेल्या उजेडापैकी ९९.९६५ टक्के उजेड त्यात अडकतो. कलेत तो वापरण्याचा हक्क २०१६ मध्ये एकट्या कपूर यांना मिळाला. जगभरच्या चित्रकारांनी गिल्ला केला. स्टुअर्ट सेम्पल याने तर एक झगझगीत गुलाबी रंग काढून कपूर सोडून सर्वांना तो विकायला ठेवला. भांडणाचा विनोदी भाग सोडला तरी प्रश्न उरतोच. काळोखाला मालक असावा काय? २०२२ मध्ये व्हेनिसला त्या लेपाची कामे मांडली गेली. त्यांच्याविषयी माझा आक्षेप मालकीपुरता नाही, कलेचाही आहे. जुन्या पुडीतल्या काळोखात डोळा शोधीत राही. अजून थोडे आत काही असेल अशी आशा त्याला असे. या लेपात शोधण्यासारखे काहीच नाही. वस्तूचा फुगवटा समोरून सपाट दिसतो आणि संपतो. पहिला काळोख गाभाऱ्याचा होता, दुसरा प्रयोगशाळेचा. पुडीच्या काळोखाची ताकद केवढी होती हे २०१८ साली पोर्तुगालमध्ये दिसले. तिथे कपूर यांच्या १९९२ सालच्या एका कामात जमिनीत सुमारे अडीच मीटर खोल खड्डा होता, आणि पाहायला आलेला एक गृहस्थ त्यात पडला; त्याला इस्पितळात न्यावे लागले. भोक आहे की रंगाचा गोल, हे डोळ्याने ठरविता येईना. अपघाताचे कौतुक करायचे नाही, पण त्या साध्या पुडीला दुर्मीळ लेपाची गरज नव्हती, एवढे त्यावरून कळते.

कपूर यांच्या जगात एक उणीव आहे, ती म्हणजे माणूस. पाहणारा आहे, पण त्याचे दुःख नाही, इतिहास नाही. ही उणीव मुंबईतल्या दोन स्त्री कलावंतांनी भरून काढली. नलिनी मलानी यांचा जन्म १९४६ साली कराचीत झाला. फाळणीने घर सुटले. पुढे त्या मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या. पारदर्शक नळकांड्यांवर आतून चित्रे रंगवायची, ती हळूहळू फिरत ठेवायची आणि त्यांतून उजेड सोडायचा. सावल्या भिंतींवरून सरकत जातात, एकमेकींत मिसळतात. कोकणात पिंगुळीला ठाकर मंडळी चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्यांतून रामकथा सांगत आली, त्या परंपरेची ही नव्या काळातली नात म्हणावी. २०१२ साली जर्मनीतल्या कासेलला मांडलेल्या त्यांच्या रचनेचे नाव फैज यांच्या एका कवितेवरून घेतले आहे: नाहीशा झालेल्या रक्ताचा शोध. तिच्यात चित्रांची गर्दी फार, आवाजही फार. सगळे हाती लागत नाही. परंतु पाहणारा मध्ये उभा राहिला की त्याचीही सावली त्या सावल्यांत पडते, आणि हिंसेची गोष्ट दुसऱ्या कुणाची राहत नाही.

शिल्पा गुप्ता यांचा जन्म १९७६ सालचा, जे. जे. मध्ये त्यांनी शिल्पकलाच शिकली. २००७ सालच्या त्यांच्या एका रचनेत आपण भिंतीसमोर उभे राहतो आणि आपली सावली भिंतीवर दिसते. थोड्या वेळाने वरून सावल्यांचेच सामान घरंगळत येते आणि आपल्या सावलीला चिकटते. हात झटकला तरी सुटत नाही. आपण मोकळे असतो. सावली मात्र ओझ्याने वाकलेली. मुले यात खेळतात, हसतात. मोठी माणसे थोड्या वेळाने गप्प होतात. एकाच कामाने आजीला आणि नातवाला दोन वेगळ्या गोष्टी द्याव्यात आणि दोन्ही खऱ्या असाव्यात, याहून कलेकडे अधिक काय मागावे?

शेवटी एका अशा उजेडाविषयी, ज्याची मालकी कुणालाच घेता आलेली नाही. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळात वर्षातून दोनदा, जानेवारी सरताना आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारातून आत शिरतात; पहिल्या दिवशी चरणांवर, मग छातीवर, मग मुखावर. बांधणाऱ्यांनी दगड रचताना सूर्यालाही कामाला लावले. पण यातली खरी गोष्ट पुढेच आहे. वाटेत इमारत उंच झाली, हवेत धूर साचला, ढग आला, की किरण अर्ध्यातच थांबतात, मुखापर्यंत पोचत नाहीत. ते शिल्प पुरे करायचे तर सबंध गावाने वाट मोकळी ठेवावी लागते.

आमच्या वऱ्हाडातल्या मुलांना शिकागो दूर आहे आणि लंडनही दूर आहे. अजिंठा दूर नाही. या सुट्टीत मुलांना घेऊन गेलात तर पहिल्या लेण्याच्या गाभाऱ्यापुढे घाई करू नका; आत शिरताच काही दिसत नाही म्हणून लगेच मोबाइलचा दिवाही लावू नका. पाच मिनिटे थांबा. जे तिथे मुळापासूनच आहे, ते तेवढ्या वेळात दिसू लागते. आणि पुढे कधी मुंबईच्या एखाद्या दालनात रिकाम्या वाटणाऱ्या खोलीपुढे उभे राहण्याची वेळ आली, तर "यात घडवले काय?" हा प्रश्न जरूर विचारा; फक्त उत्तर ऐकण्यापूर्वी दोन पावले बाजूला सरकून पाहा.